एकशे चाळीस डॉक्टर, एक फॅक्स

पोलिक्सेनी देमिर्जोग्लू बावीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून नावं टाइप करत आली होती. खुर्ची दोनदा बदलली आणि टाइपरायटर जाऊन संगणक आला, पण काम तेच राहिलं. व्होलोस शहराच्या बंदरामागे ‘केंटाउरोस’ नावाच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेचं मुख्य कार्यालय होतं. शाखा थेसाली प्रांतभर पसरलेल्या होत्या, लारिसात, त्रिकालात, कार्दित्सात आणि समोरच्या बेटांवरही. रक्त तपासायचं आणि अहवाल डॉक्टरांना फॅक्सने पाठवायचा, हा धंदा. कुठल्या डॉक्टरचा फॅक्स कुठला, हे डिरेक्टरी सर्व्हर नावाच्या यंत्रात नोंदलेलं असायचं. एकेका डॉक्टरची एकेक नोंद. नाव, गाव, विभाग, फोन, फॅक्स. अशा दोन हजार सहाशे चौदा नोंदी होत्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त पोलिक्सेनीच्या हातच्या होत्या.

त्या वर्षी टेलिफोनवाल्यांनी देशभरचे क्रमांक दोनदा बदलले. जानेवारीत प्रत्येक गावाच्या संकेतांकाला शेपटीला एक शून्य लागलं. व्होलोसचं ०४२१ होतं, ते ०४२१० झालं. संगणक विभागाच्या वेर्गुलिसने आधी एक छोटा प्रोग्राम लिहून सगळे क्रमांक एका दमात बदलायचा प्रयत्न केला. पण नोंदी वीस वर्षांत वीस हातांनी भरलेल्या. कुणी कंस टाकलेले, कुणी मध्ये रेघ मारलेली, कुणी गावाचा संकेतांकच गाळलेला. प्रोग्रामने दोनशे नोंदींची पार वाट लावली. मग अठरा माणसं बसवली आणि अकरा दिवस हाताने टाइप करून घेतलं.

पोलिक्सेनीच्या वाट्याला व्होलोसचा हृदयरोग विभाग आला. डॉक्टर एकशे चाळीस आणि सगळ्यांचा फॅक्स एकच, कारण विभागात यंत्रच एक होतं. तिने एकशे एकोणचाळीस वेळा तो क्रमांक बरोबर टाइप केला. एकदा शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली.

पुढच्या सोमवारी सकाळी लारिसा रस्त्यावरचा फरशीवाला हातात कागद घेऊन प्रयोगशाळेत आला. बिचारा घाबरलेला होता. म्हणाला, ‘‘हे माझ्या दुकानात फॅक्सवर आलंय. कुणा बाईचं पोटॅशियम फार वाढलंय असं लिहिलंय. मला यातलं काही कळत नाही, पण खाली लाल शिक्का आहे म्हणून धावत आलो.’’

तिच्या डॉक्टरने आदल्याच दिवशी स्वतःहून फोन करून आकडा विचारून घेतला होता, म्हणून ती बाई वाचली. पण बोभाटा झाला. कर्मचाऱ्यांच्या बैठकीत, चाळीस माणसांसमोर, वेर्गुलिसने पोलिक्सेनीचं नाव घेतलं. बाईला ‘किरिया’ आणि पुरुषाला ‘किरिए’ म्हणायची तिथली रीत त्याने तेवढी पाळली.

‘‘दहा आकडे बघून उतरवायचे होते, किरिया पोलिक्सेनी. फक्त दहा.’’

‘‘चौदाशे,’’ ती म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘दहा आकडे एकशे चाळीस वेळा. चौदाशे आकडे होतात.’’

कुणीतरी हसलं. वेर्गुलिस हसला नाही. त्या दिवसापासून तिने टाइप केलेली प्रत्येक नोंद दुसऱ्या कुणीतरी तपासायची असं ठरलं. बावीस वर्षांनी तिच्यावर पहारा बसला. संध्याकाळी नेआ इओनियातल्या घरी गेली, वांगी तळायला घेतली आणि नवरा लांब्रोस मागून आला तेव्हा पाठ न वळवता म्हणाली, ‘‘मी सोडते ही नोकरी.’’

‘‘सोड की.’’

‘‘अरे, नको तरी म्हण!’’

‘‘बरं, नको सोडूस,’’ लांब्रोस म्हणाला आणि तव्यातला वांग्याचा एक काप बोटांनी उचलून पळाला. ती सोडणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

ऑक्टोबरात दुसरा बदल जाहीर झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संकेतांकातल्या पहिल्या शून्याच्या जागी दोनाचा आकडा येणार होता. म्हणजे सगळे क्रमांक पुन्हा मुळापासून. वेर्गुलिसने बैठक घेतली. बाहेरून चौदा टंकलेखक आणायचे, प्रत्येक नोंद दोघांनी तपासायची, रविवारी सकाळी सुरुवात करायची आणि पंधरा दिवसांत संपवायचं. तोपर्यंत अहवाल फोनवर वाचून दाखवायचे.

पोलिक्सेनीने हात वर केला. मागच्या खेपेच्या प्रकारानंतर तिने तोंड उघडावं ही कुणाची अपेक्षा नव्हती.

‘‘किरिए वेर्गुलिस, हृदयरोग विभागात फॅक्सचं यंत्र किती?’’

‘‘एक.’’

‘‘मग त्याचा क्रमांक आपण एकशे चाळीस ठिकाणी का लिहून ठेवतो?’’

‘‘कारण डॉक्टर एकशे चाळीस आहेत. प्रत्येकाला नाकही वेगळं आहे, किरिया पोलिक्सेनी. ते एकत्र ठेवता येत नाही.’’

या वेळी बरेच जण हसले. पोलिक्सेनी खाली बसली. पण तिच्या कानाशी कुणीतरी कुजबुजलं, ‘‘प्रश्न बरोबर आहे तुमचा.’’ ती आरिस्तेआ होती. संगणक विभागात नव्यानेच आलेली, पात्रा शहरात शिकलेली, चौतीस वर्षांची, कमी बोलणारी बाई. सर्व्हरची देखभाल तिच्याकडे होती आणि वेर्गुलिस तिला केबल ओढायच्या कामापलीकडे काही देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळेला आरिस्तेआ पोलिक्सेनीच्या टेबलाशी आली. हातात सर्व्हरचं जाडजूड माहितीपुस्तक होतं आणि त्यात एका पानावर बोट.

‘‘सापडलं. ही सोय या यंत्रात पहिल्यापासून आहे. कुणी वापरलीच नाही.’’

‘‘मला समजेल असं सांग, पोरी.’’

आरिस्तेआ खुर्ची ओढून बसली. ‘‘तुमच्या इमारतीत हीटिंग कसं आहे? प्रत्येक घरात वेगळा बॉयलर आहे का?’’

‘‘कुठला वेगळा! तळघरात एकच आहे. ऊब घराघरात पोचते.’’

‘‘बस, तेवढंच. फॅक्सचा क्रमांक आपण एका साच्यात एकदाच लिहायचा. डॉक्टरच्या नोंदीत फक्त विभाग लिहिलेला असेल, ‘व्होलोस, हृदयरोग’ एवढंच. कुणी त्या डॉक्टरचा फॅक्स विचारला की सर्व्हर त्याचा विभाग बघेल, त्या विभागाच्या साच्यातून क्रमांक घेईल आणि तो डॉक्टरचा स्वतःचाच असल्यासारखा दाखवेल. विचारणाऱ्याला फरक कळणारसुद्धा नाही. साच्यात एकदा बदललं की एकशे चाळिसांचा एका क्षणात बदलला.’’

पोलिक्सेनीने कॉफीचा कप बाजूला सरकवला आणि पुस्तकातलं ते पान स्वतःकडे वळवलं.

‘‘एकदाच टाइप करायचं?’’

‘‘एकदाच.’’

‘‘मग चुकायची संधीही एकदाच.’’

‘‘आणि तपासायलाही एकच क्रमांक,’’ आरिस्तेआ म्हणाली.

अडचण एकच होती. हे सगळं विभागावर चालणार आणि विभागाचा रकाना कुणी कधी मनावर घेतलाच नव्हता. तीनशे अकरा नोंदींत तो रिकामा होता किंवा सरळ चुकीचा. कुणी निवृत्त झालेलं, कुणी लारिसाहून त्रिकालाला गेलेलं, एकाला तर वारून चार वर्षं झालेली. हे यंत्राला कळणार नव्हतं आणि आरिस्तेआलाही माहीत असायचं कारण नव्हतं. ते माहीत होतं पोलिक्सेनीला. बावीस वर्षं या सगळ्यांचे फोन तिनेच घेतले होते. कुठल्या डॉक्टरणीने लग्नानंतर आडनाव बदललं, कोण कार्दित्साचा दवाखाना मुलाला देऊन गावी गेला, सगळं तिच्या डोक्यात होतं.

दोघींनी दुपारच्या जेवणाची सुट्टी त्यात घातली. आरिस्तेआ नाव वाचायची, पोलिक्सेनी पालक भरलेली स्पनाकोपिता खाता खाता उत्तर द्यायची.

‘‘झाफिरीस, मिल्तिआदिस.’’

‘‘कार्दित्सा, मूत्रविकार. आणि त्याला फोन केलास तर आधी तब्येतीचं विचार, नाहीतर रागावतो.’’

‘‘ते नोंदीत नाही लिहिता येणार.’’

‘‘लिहायला हवं होतं,’’ पोलिक्सेनी म्हणाली.

नऊ दिवसांत तीनशे अकरा नोंदी सरळ झाल्या. मग त्यांनी हृदयरोगाचा साचा तयार केला, त्यात चाचणीसाठी एक खोटा क्रमांक घातला आणि चाचणीच्या वेगळ्या सर्व्हरवर ते बघायला वेर्गुलिसला बोलावलं. तो आला तो हाताची घडी घालूनच. पहिल्या डॉक्टरची नोंद उघडली. फॅक्स जुनाच. दुसऱ्याचा, तोही जुनाच. एकशे चाळीसही जिथल्या तिथे, एकही हललेला नाही.

‘‘वा!’’ वेर्गुलिस म्हणाला. ‘‘फारच झपाट्याने बदललं. मी टंकलेखकांना रविवारी आठला बोलावतो.’’ आणि गेला.

आरिस्तेआचा चेहरा पडला. तिने पुस्तक पुन्हा उघडलं, ओळीवर ओळ तपासली. सगळं बरोबर होतं. पोलिक्सेनी पडद्याकडे बघत राहिली. झाफिरीसच्या एका जुन्या सवयीची तिला आठवण झाली. त्याला काहीही विचारलं की दुसऱ्याला विचारण्याआधी तो स्वतःच्या खिशातली चिठ्ठी बाहेर काढायचा, मग ती दहा वर्षांपूर्वीची का असेना.

‘‘आरिस्तेआ, जुना क्रमांक अजून प्रत्येक नोंदीत आहे ना?’’

‘‘आहे.’’

‘‘मग सर्व्हर आधी त्याच्या खिशात बघतोय. खिशात सापडलं की साच्याकडे जाईल कशाला?’’

आरिस्तेआने कपाळावर हात मारला. ‘‘मीच तसं सांगितलंय त्याला! दोन पर्याय असतात. एकात नोंदीचं स्वतःचं असलं तर ते चालतं, नसलं तरच साचा. दुसऱ्यात साचाच खरा, स्वतःचं काहीही असो. मी पहिला निवडला. आत्ता दुसरा करते, एका शब्दाचं काम आहे.’’

‘‘थांब, करू नकोस.’’ पोलिक्सेनीने तिचा हात धरला. ‘‘स्कोपेलोसचा डॉक्टर निकिफोरोस कुठल्या विभागात?’’

‘‘बेटं, सामान्य वैद्यक.’’

‘‘आणि त्या विभागाचं यंत्र स्कियाथोस बेटावर. निकिफोरोसचा फॅक्स त्याच्या घराखालच्या औषधाच्या दुकानात आहे. साचाच खरा धरलास तर त्याचे अहवाल दुसऱ्या बेटावर जाऊन पडतील. मध्ये समुद्र आहे, पोरी. वारा सुटला की बोट तीन तीन दिवस येत नाही.’’

आरिस्तेआ तिच्याकडे बघतच राहिली. असे किती असतील, तिने विचारलं. पोलिक्सेनीने डोळे मिटले आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. बोटं पुरेनात, तेव्हा कागद घेतला. स्वतःचं वेगळं यंत्र असलेले सेहेचाळीस निघाले. त्या सेहेचाळिसांचे क्रमांक त्यांच्या नोंदीतच ठेवायचे आणि बाकीच्या सगळ्यांच्या नोंदीतली जुनी प्रत काढून टाकायची, असं ठरलं. पर्याय पहिलाच राहिला. ज्याचं स्वतःचं आहे त्याचं त्याला, नाही त्याला साच्यातून.

या वेळी त्यांनी वेर्गुलिसला बोलावलं नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. दाम्त्सांना बोलावलं. दाम्त्साबाई उंच, सडपातळ आणि घड्याळाकडे बघत बोलणाऱ्या. हृदयरोगाच्या आणि बेटांच्या साच्यांतले खोटे क्रमांक आरिस्तेआने त्यांच्यासमोर बदलले. एकशे चाळिसांचा बदलला, बेटांवरच्यांचाही. निकिफोरोसचा जागेवर राहिला.

दाम्त्साबाईंनी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. ‘‘पुन्हा करून दाखवा.’’

पुन्हा केलं.

‘‘रविवारी तुम्ही करा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण टंकलेखक हजर राहतील. अहवाल हा कागद नसतो, समोर आजारी माणूस असतो. मला जुगार खेळायचा नाही.’’

‘‘टाइप कोण करणार?’’ दारात येऊन उभ्या राहिलेल्या वेर्गुलिसने विचारलं. आवाजात तिखटपणा होता.

‘‘किरिया पोलिक्सेनी,’’ आरिस्तेआ म्हणाली. आधी ठरलेलं काही नव्हतं.

दाम्त्साबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. जानेवारीचा फरशीवाला त्यांनाही आठवत असणार. ‘‘ठीक आहे,’’ त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी आठ वाजता आयिओस निकोलाओस चर्चच्या घंटा वाजत होत्या आणि वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत चौदा टंकलेखक चौदा संगणकांपुढे बसले होते. कुणीतरी बुगात्सा या गोड पेस्ट्रीचे दोन डबे आणले होते. पोलिक्सेनी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. अंगावर तिचा चर्चला जायचा निळा कोट होता. आरिस्तेआच्या हातात यादी. अडतीस साचे आणि सेहेचाळीस स्वतःची यंत्रं असलेले. एकूण चौऱ्याऐंशी क्रमांक.

‘‘व्होलोस, हृदयरोग,’’ आरिस्तेआने वाचलं. ‘‘दोन, चार, दोन, एक, शून्य...’’

पोलिक्सेनीने टाइप केलं. मग हात मांडीवर ठेवून पडद्यावरचा क्रमांक मोठ्याने उलटा वाचला, शेवटच्या आकड्यापासून पहिल्यापर्यंत. ही तिने त्या आठवड्यात स्वतःला लावून घेतलेली सवय होती. सरळ वाचताना डोळे आपल्याला हवं तेच बघतात, उलटं वाचताना आहे ते बघावं लागतं. आरिस्तेआने यादीवर खूण केली. पुढचा.

पहिले दहा क्रमांक तिने दोन दोनदा उलटे वाचले. त्रिकालापर्यंत आली तेव्हा एकदाच वाचू लागली. कार्दित्सापाशी तिला खोलीतली शांतता जाणवली. चौदाही टंकलेखक खुर्च्या वळवून तिच्याकडे बघत होते. एकाच्या हातातली बुगात्सा तोंडापर्यंत पोचायची राहिली होती.

नऊला आठ मिनिटं कमी असताना चौऱ्याऐंशीवा क्रमांक झाला. तो निकिफोरोसचा होता. तो तिने मुद्दाम शेवटी ठेवला होता.

‘‘झालं,’’ ती म्हणाली.

‘‘झालं म्हणजे?’’ एका टंकलेखक बाईने विचारलं. ‘‘आम्ही कधी सुरू करायचं?’’

आता खरी परीक्षा होती. प्रत्येक यंत्रावर एक चाचणीचा कागद पाठवायचा आणि तिथल्या माणसाने फोन करून मिळाला म्हणून सांगायचं. फॅक्सचं यंत्र डिरेक्टरीतून क्रमांक घेऊन एकेक कागद सोडू लागलं. पाच मिनिटांत फोन वाजायला लागले. व्होलोस, हृदयरोग. मिळाला. लारिसा, मधुमेह. मिळाला. त्रिकालाच्या नर्सने तर मिळाल्याचं सांगून वर विचारलं, ‘‘एवढ्यात झालं तुमचं? आम्ही पंधरा दिवस धरून चाललो होतो!’’ दाम्त्साबाई भिंतीवरच्या कागदावर स्वतःच्या हाताने खुणा करत होत्या. स्कोपेलोसहून डॉक्टर निकिफोरोसने स्वतः फोन केला. औषधवाल्याने त्याला झोपेतून उठवून कागद हातात दिला होता आणि सकाळी सकाळी चाचणीच्या कागदासाठी झोप का मोडली, असं तो खडसावून विचारत होता. पोलिक्सेनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं.

त्र्याऐंशी खुणा झाल्या. कार्दित्साच्या सूक्ष्मजीव विभागातून फोन आला नाही. कागद दुसऱ्यांदा पाठवला, तिसऱ्यांदा पाठवला. खोलीत चुळबुळ सुरू झाली. वेर्गुलिस भिंतीपाशी उभा होता. तो पुढे आला, यादी उचलली आणि म्हणाला, ‘‘बघू तो क्रमांक.’’

पोलिक्सेनी उठली नाही. ‘‘बघा. मी उलटा वाचलाय.’’

वेर्गुलिसने बघितला. यादीत बघितला, पडद्यावर बघितला, मग टेलिफोनवाल्यांच्या छापील पुस्तकात बघितला. तिन्हीकडे तोच होता. मग त्याने एक गोष्ट केली, जी त्याच्याकडून कुणालाच अपेक्षित नव्हती. त्याने फोन उचलला, कार्दित्साच्या पहारेकऱ्याला लावला आणि त्याला दोन मजले चढून सूक्ष्मजीव विभागात जाऊन तिथल्या फोनवरून बोलायला सांगितलं. सगळे थांबले. पहारेकऱ्याचा धापा टाकणारा आवाज फोनमधून सगळ्या खोलीला ऐकू आला.

‘‘यंत्रात कागद संपलाय! लाल दिवा लागलाय! घालू का?’’

‘‘घाला!’’ चौदाही टंकलेखक एकदम ओरडले.

मिनिटाभराने पुन्हा तोच आवाज आला. ‘‘आला! एक आला... दुसरा... तीन आले. तीन का पाठवलेत?’’

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी पोलिक्सेनीला खुर्चीसकट गरकन फिरवलं. आरिस्तेआ, जी कधी आवाज चढवत नसे, तिने यादी हवेत भिरकावली आणि मग ती टेबलाखाली शिरून गोळा करत बसली. दाम्त्साबाईंनी चौऱ्याऐंशीवी खूण केली, पेन खिशाला लावलं आणि पोलिक्सेनीसमोर येऊन तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

‘‘उद्यापासून तुमच्या कामावर तपासनीस नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उलट डिरेक्टरीत कुणी काही बदललं तर ते तुम्ही तपासायचं. आरिस्तेआ सर्व्हर बघेल, माणसं तुम्ही बघा.’’

‘‘लेखी द्याल?’’ पोलिक्सेनीने विचारलं.

‘‘देते,’’ दाम्त्साबाई म्हणाल्या आणि तिथेच कागद मागवला.

वेर्गुलिसला बोलायला जड जात होतं. तो बुगात्साच्या डब्यापाशी घुटमळला, एक तुकडा कागदावर घेतला आणि तिच्या टेबलावर ठेवला. ‘‘जानेवारीत,’’ तो म्हणाला, ‘‘आकडे चौदाशे होते. ते तुम्ही बरोबर सांगितलं होतं.’’

‘‘तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात, किरिए वेर्गुलिस.’’

त्याने मान खाली घातली. मग वळून मोठ्याने म्हणाला, ‘‘ऐका जरा सगळ्यांनी! जानेवारीतली चूक किरिया पोलिक्सेनीची नव्हती. एकच गोष्ट एकशे चाळीस वेळा लिहायला लावणाऱ्याची होती. म्हणजे माझी.’’ त्याचे कान लाल झाले होते. पोलिक्सेनीने बुगात्साचा तो तुकडा उचलला, अर्धा मोडला आणि अर्धा त्याला परत दिला.

दुपारी सगळे बंदरावर त्सिपुरो ही द्राक्षांची दारू प्यायला गेले. टेबलांना टेबलं जोडली. चौदा टंकलेखकही आले, कारण करायला काहीच उरलं नव्हतं. लांब्रोस सायकलवरून आला आणि बायकोला मधोमध बसलेली बघून दारातच थबकला. दुसऱ्या फेरीबरोबर तळलेले मासे आले, तिसरीबरोबर ऑक्टोपस. तेवढ्यात दाम्त्साबाईंचा मोबाइल वाजला. लारिसाच्या एका मोठ्या दवाखान्यातून फोन होता. त्यांच्याकडे चार हजार नोंदी होत्या, सकाळपासून तीस माणसं टाइप करत होती आणि अजून ‘आल्फा’ हे पहिलं अक्षरही संपलं नव्हतं. केंटाउरोसने हे एका तासात कसं केलं म्हणून ते विचारत होते.

दाम्त्साबाईंनी मोबाइल टेबलावरून पुढे सरकवला. पोलिक्सेनीने हात पुसले, मोबाइल कानाला लावला आणि दुसऱ्या कानावर तळवा ठेवला, कारण मागे कुणीतरी गायला लागलं होतं.

‘‘आधी तीस जणांना थांबवा,’’ ती म्हणाली. ‘‘हो, सगळ्यांना. आता मला सांगा, तुमच्याकडे फॅक्सची यंत्रं किती आहेत? डॉक्टर नाही विचारले मी. यंत्रं. जा, मोजून या. मी थांबते.’’